आंतोनी गौदी

आंतोनी गौदी इ कोर्नेत (जन्म : २५ जून, इ.स. १८५२, मृत्यू : १० जून, इ.स. १९२६, बार्सिलोना) हे स्पेनमधील कातालोनिया प्रांताचे विख्यात वास्तुविशारद होते. बार्सिलोना शहरातील साग्रादा फामिलिया हे अपूर्णावस्थेतच जगप्रसिद्ध झालेले चर्च ही त्यांची सर्वांत मोठी कृती होय. निसर्गातील रूपे ज्या नियमांनी घडतात ते नियम बांधकामात आणण्याचा त्यांनी आयुष्यभर प्रयत्न केला. आज संगणकाच्या साहाय्याने होणाऱ्या पॅरामेट्रिक वास्तुरचनेचे पूर्वसूरी म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

पॅरामीटर म्हणजे गणितातील प्राचल. या पद्धतीत इमारतीचा आकार थेट रेखाटला जात नाही. तिच्या भागांचे एकमेकांशी असलेले नाते आधी ठरवले जाते आणि एखादे माप बदलले की त्या नात्यानुसार बाकीचा आकार बदलत जातो. गौदींनी हे काम दोऱ्या, शिशाचे छर्रे आणि प्लॅस्टर यांच्या साहाय्याने केले. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी त्यांची कार्यशाळा जाळण्यात आली आणि नकाशे व प्रतिकृती यांचा नाश झाला. तरीही साग्रादा फामिलियाचे बांधकाम पुढे चालू राहू शकले, याचे मोठे कारण त्यांच्या या पद्धतीतच आहे.

बालपण

गौदींचा जन्म कातालोनियाच्या दक्षिण भागात झाला. जन्मगाव रेउस की जवळचेच रिउदोम्स, याविषयी दोन्ही गावांत वाद आहे. वडील फ्रान्सेस्क गौदी हे व्यवसायाने तांबट होते. आईचे नाव आंतोनिया कोर्नेत. आईचे माहेरही तांबटकाम करणाऱ्यांचेच होते. पाच भावंडांत आंतोनी सर्वांत धाकटे. तांब्याचा सपाट पत्रा ठोकून ठोकून त्यातून गोलाकार पोकळ भांडे उभे राहते, हे त्यांनी वडिलांच्या कारखान्यात लहानपणापासून पाहिले. अवकाशाचे आकलन आपल्याला या घराण्याच्या धंद्यातून मिळाले, असे ते पुढे आवर्जून सांगत. कागदावरील रेखाटनापेक्षा हाताने घडवलेल्या प्रतिकृतीवर त्यांचा अधिक विश्वास होता, त्याचे मूळही येथेच असावे.

लहानपणी त्यांना संधिवाताचा त्रास होता. चालणे कठीण झाल्यामुळे शाळा वरचेवर बुडे आणि रिउदोम्स येथील शेतघरात दिवस काढावे लागत. झाडे, कीटक, गोगलगायीचे शंख, दगडांचे थर यांचे बारकाईने निरीक्षण करण्याची सवय या काळात लागली. चरित्रकार या सक्तीच्या विश्रांतीला फार महत्त्व देतात. ते अगदीच अनाठायी नाही, पण आजारी बालकाच्या या हळव्या कथेमुळे पुढील गणिती परिश्रम झाकले जातात, हेही ध्यानात ठेवावे लागते.

शिक्षण

इ.स. १८६८ मध्ये गौदी शिक्षणासाठी बार्सिलोनाला आले. इ.स. १८७५ ते १८७८ या काळात त्यांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागली, मात्र प्रकृतीमुळे प्रत्यक्ष लढाईवर जावे लागले नाही. इ.स. १८७६ मध्ये त्यांचे थोरले बंधू फ्रान्सेस्क वैद्यकीची पदवी नुकतीच हाती पडली असताना वारले आणि त्याच वर्षी आईचेही निधन झाले. इ.स. १८७९ मध्ये बहीण रोसा मरण पावली. तिची लहान मुलगी रोसा एगेआ हिचा सांभाळ गौदींनी केला. ते स्वतः अविवाहित राहिले. वृद्ध वडील आणि ही भाची एवढेच त्यांचे घर होते. शिकत असतानाच ते निरनिराळ्या वास्तुविशारदांकडे आरेखक म्हणून काम करीत. इ.स. १८७८ मध्ये त्यांना वास्तुविशारदाची पदवी मिळाली.

ग्वेल यांचा आश्रय आणि सुरुवातीची कामे

इ.स. १८७८ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात हातमोज्यांच्या एका व्यापाऱ्यासाठी गौदींनी काचेचे कपाट तयार केले होते. ते पाहून एउसेबी ग्वेल हे कातालोनियातील धनाढ्य उद्योगपती प्रभावित झाले. या ओळखीतून जुळलेला स्नेह ग्वेल यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे टिकला. गौदींचे प्रयोग वेळखाऊ व खर्चिक असत. हिशेबाची घाई न करणारा असा आश्रयदाता लाभला नसता तर त्यांतले बरेचसे कागदावरही आले नसते.

मातारो येथील कामगार सहकारी संस्थेसाठी त्यांनी इ.स. १८८३ च्या सुमारास कापड शुभ्र करण्याची शाळा बांधली. तिचे छप्पर लहान लहान फळ्या बोल्टांनी जोडून केलेल्या अन्वस्ताकार लाकडी कमानींवर तोललेले आहे. मधे एकही खांब नाही. बाहेरून साध्या दिसणाऱ्या या इमारतीत त्यांच्या पुढील कामाचे बीज आढळते. त्यानंतरचे कासा विसेन्स हे घर आणि ग्वेल प्रासाद या वास्तू अधिक नटव्या आहेत, पण प्रासादाच्या प्रवेशद्वारांच्या उंच, निमुळत्या कमानी त्याच जातीच्या आहेत.

लोंबत्या दोऱ्यांची प्रतिकृती

ग्वेल यांनी बार्सिलोनाजवळ सांता कोलोमा दे सेर्वेल्यो येथे कापड गिरणी आणि कामगारांची वसाहत उभारली होती. तेथील चर्चचे काम इ.स. १८९८ मध्ये गौदींकडे आले. प्रत्यक्ष बांधकामाला आरंभ झाला तो इ.स. १९०८ मध्ये. मधली दहा वर्षे एका प्रतिकृतीत गेली.

ही प्रतिकृती ज्या तत्त्वावर आधारलेली होती ते जुने आहे. दोन खुंट्यांना झेंडूची माळ बांधली की ती स्वतःच्या वजनाने एक ठरावीक वक्ररेषा घेते. तिला कॅटेनरी म्हणतात. माळेच्या प्रत्येक भागात केवळ ताण असतो. हीच रेषा उलटी करून दगडात बांधली तर तिच्या प्रत्येक भागात केवळ दाब राहतो. दगड आणि वीट दाब उत्तम सोसतात, ताण मात्र सोसत नाहीत. म्हणून अशी कमान भक्कम उभी राहते. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी सतराव्या शतकात हे सूत्र मांडले होते आणि अठराव्या शतकात रोममधील सेंट पीटर चर्चच्या घुमटाची तपासणी करताना जोव्हान्नी पोलेनी यांनी त्याचा उपयोग केला होता. तथापि हे प्रयोग एका कमानीपुरते किंवा घुमटाच्या एका छेदापुरते होते. संपूर्ण इमारतच दोऱ्यांतून त्रिमितीत टांगण्याचे काम गौदींनी केले.

बांधकामाच्या जागेजवळील एका शेडमध्ये छताला चर्चचा आराखडा उलटा बसवण्यात आला. प्रत्येक खांब व कमान जेथून निघणार त्या बिंदूपासून दोऱ्या सोडल्या गेल्या, त्या दोऱ्यांना दुसऱ्या दोऱ्या बांधल्या गेल्या, आणि ज्या त्या भागावर जितका भार येणार त्या प्रमाणात शिशाचे छर्रे भरलेल्या लहान पिशव्या लटकवल्या गेल्या. लांबीचे प्रमाण मूळ इमारतीच्या एक दशांश आणि वजनाचे प्रमाण दहा हजारावा भाग असे होते. या भारामुळे दोऱ्यांचा आकार साध्या माळेच्या वक्ररेषेहून वेगळा होई. एखादी पिशवी जड केली किंवा एखादी दोरी वीतभर लांब सोडली की तिच्याशी बांधलेले जाळे हलून नव्या समतोलात स्थिरावे. नव्या आकारामुळे भिंतीचे व छताचे वजन बदले. मग पिशव्यांतील छर्रे पुन्हा कमीजास्त करावे लागत आणि आकार पुन्हा हले. दहा वर्षे लागली ती या फेऱ्यांमुळे. कागदावर शेकडो समीकरणे मांडून जे उत्तर काढणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते, ते उत्तर गुरुत्वाकर्षण क्षणात देत असे. पॅरामेट्रिक रचनेचे आजचे अभ्यासक या शेडकडे पुन्हा पुन्हा वळतात त्याचे कारण हेच आहे.

समतोल साधला की प्रतिकृतीची छायाचित्रे घेऊन ती उलटी धरली जात आणि त्यांच्यावर रंगांनी भिंती, खिडक्या व शिखरे रंगवली जात. अशा रीतीने मिळालेल्या खांबांना बाहेरून टेकू देण्याची गरज नव्हती, कारण भार ज्या दिशेने खाली उतरतो त्याच दिशेने ते कललेले होते. गॉथिक चर्चच्या बाहेरील टेकू गौदींना कुबड्यांसारखे वाटत. झाडाच्या फांद्याही भाराच्या दिशेनुसार वाकतात, हे त्यांचे निरीक्षण येथे दगडात उतरले.

चर्चचे केवळ तळघर बांधून झाले. इ.स. १९१४ मध्ये ग्वेल कुटुंबाने काम थांबवले. तळघराच्या मध्यभागी असलेले तिरके खांब बेसाल्टचे, म्हणजे महाराष्ट्राच्या परिचयाच्या काळ्या पाषाणाच्या जातीचे आहेत आणि ते फारसे न घडवता बसवलेले आहेत. खिडक्यांच्या जाळ्यांसाठी गिरणीतील यंत्रांच्या जुन्या सुया वापरल्या आहेत. आकाराने लहान असूनही गौदींचे सर्वांत मौलिक काम म्हणून अनेक जाणकार या तळघराकडेच बोट दाखवतात.

उद्यान आणि दोन घरे

टेकडीच्या उतारावर श्रीमंतांची वसाहत करण्याच्या हेतूने ग्वेल यांनी इ.स. १९०० मध्ये उद्यानाचे काम सुरू केले. साठ घरांपैकी दोनच बांधली गेली आणि व्यवहार म्हणून योजना फसली. आज लाखो पर्यटक पाहतात ते ग्वेल उद्यान हेच. तेथील वरच्या पटांगणावर पडणारे पावसाचे पाणी झिरपून खालच्या दालनाच्या खांबांतून जमिनीखालील टाकीत उतरते. खांब एकाच वेळी आधार आणि पन्हळ अशी दोन कामे करतात. फुटक्या फरशांच्या तुकड्यांची रंगीत नक्षी बव्हंशी त्यांचे सहकारी जोसेप मारिया जुजोल यांच्या हातची आहे. तिचे सारे श्रेय गौदींना देण्याचा प्रघात न्याय्य नाही.

कासा बात्यो या घराच्या नूतनीकरणात (इ.स. १९०४ ते १९०६) मधल्या उजेडाच्या चौकाला निळ्या फरशा लावल्या आहेत. वर उजेड भरपूर, म्हणून तेथे निळा रंग गडद आणि खिडक्या लहान आहेत. खाली उतरावे तसा रंग फिका आणि खिडक्या मोठ्या होत जातात. परिणामी सर्व मजल्यांवर सारखा प्रकाश पोचतो. उजेड हे येथे प्राचल झाले आहे. त्यानंतरच्या कासा मिला या इमारतीची दगडी दर्शनी बाजू लाटांसारखी आहे. तिला लोकांनी थट्टेने दगडाची खाण असे नाव दिले आणि वृत्तपत्रांतून तिची व्यंगचित्रे आली. तिच्या माळ्यावर विटांच्या २७० कमानी आहेत. खालच्या खोल्यांची रुंदी बदलते तशी त्यांची उंची बदलते आणि त्यामुळे गच्ची आपोआप चढउताराची झाली आहे.

साग्रादा फामिलिया

जोसेप मारिया बोकाबेया या पुस्तकविक्रेत्याच्या पुढाकाराने, लोकवर्गणीतून बांधायच्या या चर्चची कोनशिला इ.स. १८८२ मध्ये बसवण्यात आली. पहिले वास्तुविशारद फ्रान्सिस्को दे पाउला देल व्हियार यांनी मतभेदांमुळे काम सोडले आणि इ.स. १८८३ मध्ये एकतिसाव्या वर्षी गौदी तेथे आले. पुढील त्रेचाळीस वर्षे हे काम त्यांच्यासोबत राहिले.

या चर्चमधील निसर्ग दोन प्रकारचा आहे. येशूजन्माच्या दर्शनी बाजूवर पाने, फुले, पक्षी यांची दाटी आहे. समुद्राकडील खांबाच्या पायाशी समुद्री कासव आणि डोंगराकडील खांबाच्या पायाशी जमिनीवरचे कासव आहे. हा झाला डोळ्यांना दिसणारा निसर्ग. मुख्य दालनात मात्र एकही पान न कोरता अरण्याचा भास होतो. तेथील खांब वर जाऊन फांद्यांसारखे फुटतात आणि प्रत्येक फांदी छताचा आपापला वाटा उचलते.

या खांबांचा आकार एका सोप्या नियमातून निघतो. तारकाकृती पाया घेऊन तो वर चढताना उजवीकडे पिळला तर एक खांब मिळतो, डावीकडे पिळला तर दुसरा. दोन्ही एकमेकांत घातले असता दोघांना समाईक असलेला जो भाग उरतो, तोच गौदींचा खांब. वर जाताना त्याच्या कडांची संख्या दुप्पट होत जाते आणि शेवटी तो जवळजवळ वर्तुळाकार होतो.

छते व खिडक्या यांसाठी त्यांनी सरळ रेषांपासून घडणारी वक्र पृष्ठे निवडली. वेताचा मोडा सरळ काड्यांचा असतो, तरी त्याची कंबर आत गेलेली दिसते. त्या आकाराला हायपरबोलॉइड म्हणतात. खोगिरासारखे पृष्ठ म्हणजे हायपरबोलिक पॅराबोलॉइड. गोल जिन्याच्या खालचे मळसूत्री पृष्ठ हे हेलिकॉइड. हे सारे डोळ्यांना वळणदार वाटतात, पण गवंडी ते ताणलेल्या सरळ दोरीच्या आधाराने बांधू शकतो. कामगारांच्या मुलांसाठी चर्चच्या आवारात इ.स. १९०९ मध्ये बांधलेल्या छोट्या शाळेचे लाटांसारखे छप्पर अशाच सरळ वाशांचे आहे. ल कॉर्बूझिए यांनी इ.स. १९२८ मध्ये बार्सिलोनाला आले असता त्याचे रेखाटन केले होते.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

इ.स. १९०६ मध्ये वडील, इ.स. १९१२ मध्ये भाची, इ.स. १९१४ मध्ये जवळचे सहकारी फ्रान्सेस्क बेरेंगेर आणि इ.स. १९१८ मध्ये ग्वेल अशी माणसे एकामागून एक गेली. इ.स. १९१४ नंतर गौदींनी दुसरे काम घेतले नाही. आहार अल्प, कपडे जीर्ण. चर्चसाठी ते स्वतः वर्गणी मागत फिरत. शेवटचे काही महिने ते कार्यशाळेतच राहत होते. काम आपल्या हयातीत पुरे होणार नाही हे त्यांना ठाऊक होते. म्हणून इमारतीचे तपशील ते मोठ्या प्रमाणावरील प्लॅस्टरच्या प्रतिकृतींत पक्के करीत गेले.

दि. ७ जून १९२६ रोजी नित्याच्या प्रार्थनेसाठी पायी जात असता ट्रामची धडक बसून ते बेशुद्ध पडले. अंगावरील कपड्यांमुळे ते भिकारी वाटले आणि मदत मिळण्यास उशीर झाला. सामान्य रुग्णालयात त्यांना नेण्यात आले. ओळख पटली ती दुसऱ्या दिवशी. दि. १० जून रोजी वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. साग्रादा फामिलियाच्या तळघरात त्यांना पुरण्यात आले. त्या वेळी चर्चच्या नियोजित अठरा शिखरांपैकी एकच पूर्ण झाले होते.

कार्यशाळेचा विध्वंस आणि पुनर्रचना

स्पेनमध्ये जुलै १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटले. चर्चविरोधी जमावाने तळघर व कार्यशाळा जाळली. नकाशे भस्म झाले, प्लॅस्टरच्या प्रतिकृती फोडल्या गेल्या. युद्धानंतर गौदींच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी हजारो तुकडे गोळा केले आणि आधी छापली गेलेली चित्रे व छायाचित्रे यांच्या आधाराने ते जुळवण्यास आरंभ केला. हे काम कित्येक दशके चालले.

इ.स. १९७९ मध्ये मार्क बरी हा न्यूझीलंडचा तरुण विद्यार्थी तेथे आला आणि या कोड्यात गुंतला. गौदींचे आकार मनस्वी असते तर फुटलेल्या तुकड्यावरून हरवलेला भाग कळण्याचा मार्ग नव्हता. पण हायपरबोलॉइड नऊ संख्यांनी पूर्ण ठरतो : तीन त्याच्या स्थानाच्या, तीन त्याच्या कलाच्या आणि तीन त्याच्या घडणीच्या. तुकड्यावर शेजारची तीन पृष्ठे जेथे मिळतात ते बिंदू मोजायचे आणि या नऊ संख्या अशा बदलत जायचे की काढलेला आकार त्या बिंदूंशी जुळेल. सुरुवातीला हे हाताने होई. इ.स. १९८० च्या दशकाच्या अखेरीस संगणक आला. तेव्हाची वास्तुरचनेची संगणक-प्रणाली अशा पृष्ठांना अपुरी पडली, म्हणून विमाने बनवण्याच्या उद्योगातील प्रणाली वापरावी लागली. मुख्य दालनाची छते अशा रीतीने पुरी झाली आणि दि. ७ नोव्हेंबर २०१० रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी चर्चचे विधिपूर्वक अर्पण केले.

शिल्पांच्या बाबतीत असे करता आले नाही, कारण त्यांना नियम नव्हता. येशूच्या यातनांच्या दर्शनी बाजूवरील टोकदार, रुक्ष शिल्पे जोसेप मारिया सुबिराक्स यांनी स्वतःच्या शैलीत घडवली आणि त्यांवर बराच वाद झाला. त्याआधी इ.स. १९६५ मध्येच ल कॉर्बूझिए, ब्रुनो झेव्ही यांच्यासह अनेकांनी वृत्तपत्रातील पत्राद्वारे बांधकाम थांबवण्याची मागणी केली होती. कलावंताच्या पश्चात दुसऱ्यांनी पुरी केलेली वास्तू त्याची मानावी काय, हा त्यांचा प्रश्न होता. भूमितीपुरते त्याचे उत्तर बऱ्याच अंशी मिळाले आहे, अलंकरणाविषयी ते मिळालेले नाही.

प्रभाव

पॅरामेट्रिक हा शब्द गौदींनी वापरलेला नाही. वास्तुरचनेच्या संदर्भात तो इटलीचे लुइजी मोरेत्ती यांनी इ.स. १९४० च्या दशकात रूढ केला. लोंबत्या जाळ्याची पद्धत जर्मन वास्तुविशारद फ्राय ओट्टो यांनी पुढे नेली; मानहाइम येथील इ.स. १९७५ चे लाकडी जाळीचे सभागृह तिच्याच आधारे बांधले गेले. ओट्टो यांच्या श्टुटगार्ट येथील संस्थेतील संशोधकांनी इ.स. १९८० च्या दशकात गौदींच्या मूळ प्रतिकृतीची छायाचित्रांवरून पुनर्निर्मिती केली. आज वळणदार दिसणाऱ्या कोणत्याही इमारतीला गौदींचा वारसा चिकटवला जातो. त्यांतील पुष्कळ इमारतींत वळण आधी ठरते आणि ते पेलण्यासाठी पोलाद नंतर लपवले जाते. गौदींची रीत याच्या उलट होती.

युनेस्कोने इ.स. १९८४ व २००५ मध्ये मिळून त्यांच्या सात वास्तूंचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपदाच्या आधीची पूजनीय ही पायरी बहाल केली. साग्रादा फामिलियाच्या मध्यवर्ती शिखराची उंची १७२.५ मीटर ठरवण्यात आली आहे. मानवाची कृती ईश्वराच्या कृतीहून उंच असू नये या श्रद्धेने गौदींनी ती बार्सिलोनाच्या मोंजुइक टेकडीपेक्षा थोडी कमी ठेवली होती.